चार कार्बनचं आम्ल

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लांच्या बाटल्या ठेवलेल्या फळ्यांसमोर रसायनशास्त्राच्या नव्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मावशी, ही कसली मांडणी?"

"माहेरानुसार. मुंगीचं आम्ल इथं, लिंबाचं तिथं, द्राक्षाचं त्याच्या शेजारी. ह्यांनी लावलेली."

हे म्हणजे मावशींचे यजमान, प्रयोगशाळेतले आधीचे मदतनीस. ते गेले नि त्यांच्या जागी मावशी लागल्या. तीन वर्षं रोज बाटल्या पुसल्या, पण एकीचीही जागा बदलली नाही.

"परीक्षेत माहेर विचारत नाहीत हो. रेणूत कार्बोक्सिल गट किती, ते बघायचं. आम्लपणा त्याच्यातच असतो. एक गट असलेली वर, दोनवाली मध्ये, तीनवाली खाली."

दोघी हलवाहलवीला लागल्या. सफरचंदाचं, द्राक्षाचं मधल्या फळीवर गेलं. लिंबाचं खाली एकटंच बसलं.

"तीन-तीन गट पदरात असून एकटंच की," मावशी म्हणाल्या.

वरच्या फळीवर क्रम लावायला बाई कार्बन मोजू लागल्या. मुंगीच्या आम्लात एक, शिरक्याच्या आम्लात दोन, प्रोपिओनिकमध्ये तीन. मग एका तपकिरी बाटलीचं बूच काढलं नि त्यांनी नाक मुरडलं.

"ब्युटिरिक. खवट लोणी नुसतं! ही टाकून देऊ. कोणी वापरत नाही." बाटली खोक्यात गेली.

मावशींचा पुसता हात थांबला.

"बाई, तीनच्या पुढं काय येतं?"

"चार."

"चार तर तुम्ही खोक्यात घातलं."

"मी फळ्यावर काढून दाखवीन की."

"फळ्याला वास कुठला यायला?" मावशी फडक्याची घडी घालत राहिल्या. "मी वापरते ती बाटली."

बाई वळून बघू लागल्या.

"ह्यांच्या अंगाला हाच वास यायचा. संध्याकाळी आले की मी दारातच अडवायची. आधी अंघोळ, मग घर. बावीस वर्षं हाकललं त्यांना न्हाणीघरात. आणि गेल्यावर काय केलं? सगळे कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले. एकही ठेवला नाही तसाच. आता कपाट उघडलं की साबण, नुसता साबण."

"रोज उघडता बाटली?"

"छे. पुरवायला नको?"

बाईंनी खोक्यातून बाटली काढली, तीनच्या शेजारी ठेवली, चिठ्ठीवर चारचा आकडा घातला.

मावशींनी बूच अंगठ्यानं दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.