मला फेकून पळणारी माणसं

मी बॅट बोलतेय. तोंड नाही म्हणून काय झालं, एवढा मार खाल्ल्यावर कुणालाही वाचा फुटेल.

मामा लिफ्ट दुरुस्त करतात. नोकरीसाठी परक्या देशात आले, तेव्हा मला स्वेटरात गुंडाळून आणलं. इथे माझा खेळ कुणाला ठाऊकच नव्हता. मग काय, कपाटामागे उभी! मामी मला घेऊन वरच्या फळीवरचे डबे ओढायची. एकदा तर झुरळ मारलं. सांगणार कुणाला!

सुट्टीच्या दिवशी मामा मला तेल चोळायचे आणि परत कपाटामागे ठेवायचे. मामी म्हणायची, आता तिला ताट वाढायचं तेवढं राहिलंय.

शेवटी त्यांच्याकडे राहणाऱ्या भाचीनेच मला उचललं, मामांना ओढलं आणि शेजारच्या बेकरीमागच्या अंगणात नेलं. बेकरीवाला आणि भट्टीवरची माणसं तयारच होती. त्यांच्याकडेही चेंडू हाणायचा एक खेळ होता, पण त्यात हाणला की दांडका टाकून पळायचं. बेकरीवाल्याने पहिलाच चेंडू असा लगावला की मी खूश. पुढच्या क्षणी मी फरशीवर आपटले!

बॅट हातात धरून पळायचं असतं, हे मामांनी सतरांदा सांगितलं. पण हाडात मुरलेली सवय ती! माझा कोपरा उडाला तशी मामांनी मला काखोटीला मारलं. खेळ बंद.

पुढचा आठवडा मामांना जेवण गोड लागेना. भाची तर धुमसतच होती.

"मामा, बॅट एकच आहे ना आपल्याकडे? मग समोरून येणाऱ्याला ती तिथेच पडलेली मिळाली तर बिघडलं कुठं? का परत झुरळंच मारायचीत?"

 सुट्टीला मामा दारातलं जाड पायपुसणं उचलून अंगणात गेले आणि विकेटशेजारी अंथरलं. नवा नियम: मारा, मला पायपुसण्यावर टाका, पळा. टाकायला चुकाल तर आऊट.

आणि पहिला आऊट कोण? मामाच! फटका मारला आणि जुन्या सवयीने मला घेऊनच पळत सुटले. अख्खं अंगण ओरडतंय. बेकरीवाल्याने तर खास मराठीत शिकून घेतलं होतं, "टाक मामा, टाक!"

मामा पोट धरून हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता आसपासच्या अंगणांतही पायपुसणी दिसतात. घरोघरच्या माम्या वैतागल्यात. मी चार ठिकाणी चिकटवलेली, पण ठणठणीत.

तुमच्या कपाटामागे माझी कुणी बहीण उभी असेल, तर काढा तिला बाहेर. फेका खुशाल. फक्त खाली काहीतरी मऊ घाला.