पंचवीस डिसेंबरचं सरपण

डीकन हेझेकाया बार्न्स, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे कारभारी, बैलगाडी मुद्दाम आजच घेऊन आलेत, हे मला खिडकीतूनच कळलं. सरपण संपत आलं म्हणून मी पंधरवडाभर निरोप धाडत होते, तेव्हा कुणी फिरकलं नाही. आणि आज, पंचवीस डिसेंबरला, गाडीभर ओंडके!

कनेक्टिकटात आमची मंडळी नाताळ पाळत नाही; बायबलात तो सांगितलेला नाही म्हणून. तो इंग्लंडच्या चर्चवाल्यांचा सण. त्या दिवशी जो कामाला हात लावत नाही तो त्यांच्यातला, असं गाव सरळ धरून चालतं. पाद्रीबुवा, म्हणजे आमचे हे, तिकडे झुकलेत, अशी कुजबुज होतीच. ती खरी होती, हे फक्त मला ठाऊक. आताही ते आतल्या खोलीत दार लावून त्या चर्चचं प्रार्थनापुस्तक वाचत बसले होते.

घर मंडळीचं, सरपण मंडळीचं, आणि पाळण्यातली टॅबिथा रात्रभर खोकत होती. मी शाल गुंडाळून बाहेर धावले.

"पाद्रीबुवा कुठायत? दरवर्षी माझ्याबरोबर लाकडं रचतात."

"बरं नाही त्यांना, काका. मी रचते."

"नेमकं आजच बिघडलं? उद्या होतील ना बरे?" डीकन हसले, पण ओंडके खाली टाकत राहिले. "तुम्ही नका, पाद्रीणबाई. तान्ह्या लेकराची आई तुम्ही."

"नुसतं बसून हात गारठतात हो."

मनात एकच. उतरू दे. आधी सगळं उतरू दे.

गाडी निम्मी रिकामी झाली आणि घराचं दार उघडलं. हे उपदेशाचा काळा कोट घालून उभे.

"मी ठणठणीत आहे, हेझेकाया. पण आज काम करणार नाही. आज प्रभूचा जन्मदिवस."

डीकननी हातातला ओंडका परत गाडीत ठेवला.

"तोंडावर सांगितलंत, बरं केलंत. रविवारी मंडळीची बैठक बसेल. घर रिकामं करायची तयारी ठेवा." मग माझ्याकडे न बघता, "उतरलंय तेवढं असू दे. पोरीला." आणि त्यांनी बैल वळवले.

"किती वेळ खोटं बोलणार होतीस?" ह्यांनी विचारलं.

"गाडी रिकामी होईपर्यंत."

आत टॅबिथाला पुन्हा उबळ आली.

"तिला घ्या जा," मी म्हटलं. "ते तरी चालतं ना आज?"

हे आत गेले. आभाळ भरून आलं होतं. लाकडं बर्फात भिजली तर नुसता धूर, आणि तो तिच्या छातीत. मी एकटीच रचायला लागले.