डावीकडचा हत्ती

आमची जुनी गाडी एकदा पेट्रोल संपल्यावर नुसत्या कौतुकावर सात किलोमीटर चालली होती. मी तिच्या डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिले, किती गुणाची गं बाई तू, आणि ती लाजत लाजत पुढे जात राहिली. पंपावर पोचल्यावर मी गप्प झाले तेव्हा कुठे थांबली. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा तीनच किलोमीटर होते. पण माझंही वय वाढलं, गोष्टीनेच का मागे राहावं.

माझ्या मुलाला ही गोष्ट सोसत नाही. तो लिफ्टची तपासणी करणारा इन्स्पेक्टर. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी लिफ्टमधली पाटी वाचतो, किती माणसं, किती किलो, आणि मग वर जाऊन नवरानवरीला भेटतो. तर त्याने ठरवलं की आता जुनी गाडी पुरे, नवी एसयूव्ही घ्यायची. आणि फ्रिजवर एक तक्ता लावला. वर तीन गाड्या, लाल, पांढरी, करडी. खाली ओळी. एअरबॅग, कॅमेरा, सनरूफ, स्क्रीन, आणि काय काय. तीन आठवडे आम्ही दूध काढायला फ्रिज उघडला की आधी त्या तक्त्याला नमस्कार केल्यासारखे थांबायचो.

"सनरूफ कशाला हवंय?" सून म्हणाली. "पहिले चार दिवस चिमणी डोकं बाहेर काढेल, मग पाच वर्षं आपण त्यातली धूळ पुसू."

चिमणी म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ.

"मला बटणं हवीत," सून पुढे म्हणाली. ती दातांची डॉक्टर. तिची बोटं न बघता हत्यार शोधतात. "एसी कमी करायला स्क्रीनवर तीन पानं उलटायची असतील तर नको मला ती गाडी. मी रस्ता बघू की पडदा?"

"अगं, बोलून सांगता येतं. गाडी ऐकते."

"घरात कुणी ऐकत नाही, निदान गाडी तरी ऐकेल," मी म्हटलं.

"आई, तुझं ऐकून ती पेट्रोलशिवाय चालायला लागेल."

मी हसले. टोमणा चांगला असला की मी दाद देते, पोटच्या पोराचा असला तरी.

आमचे हे कोपऱ्यात पेपर घेऊन बसले होते. ह्यांनी बत्तीस वर्षं काचेच्या कारखान्याची गाडी चालवली. खिडक्यांच्या, दुकानांच्या मोठमोठ्या काचा, आणि बत्तीस वर्षांत एक तडकली नाही. हे मात्र खरं आहे, यात मी काही घातलेलं नाही.

"मला चालवायला मिळणार ना रे?" त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं.

"तुमच्यासाठीच तर घेतोय, बाबा. चिमणीचं पोहणं, तुमची दोघांची मंगळवारची तलावावरची चक्कर. ही बघा, ही ओळ." तो उठून तक्त्यावर बोट ठेवत म्हणाला, "ब्लाइंड स्पॉट. मागून बाजूने कुणी आलं की आरशात दिवा लागतो. आपल्याला दिसलं नाही तरी गाडीला दिसतं."

ह्यांनी पान उलटलं. माझ्या हातातली भेंडी चिरायची राहिली.

कारण एक गोष्ट मला ठाऊक होती, जी त्या तक्त्यात नव्हती. दोन वर्षांपूर्वी हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटेच गेले आणि आल्यावर म्हणाले, डाव्या बाजूचा नजरेचा काठ जरा गेलाय. एवढंच. मग डॉक्टरचा कागद घडी घालून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला, म्हणजे त्यांना सांगावं लागू नये आणि मला सापडावा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, गाडी चालवू नये. मी घडी होती तशी घातली आणि वर बटणांची डबी ठेवली.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी सत्तावीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच शब्द द्यायचा, हे माझं काम. या कामाचे दोनच नियम. शब्द द्यायचा तो नट अडकल्यावर नाही, अडकायच्या अर्धा श्वास आधी, म्हणजे तो अडकला होता हे त्याचं त्यालाही कळू नये. आणि त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की तो घाबरतो.

तो कागद सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडीने तलावाकडे निघालो होतो. मी ह्यांच्या डाव्या हाताला. मी कुठलीशी सर्कशीची थाप मारत होते, आणि डावीकडच्या गल्लीतून एक ट्रक नाक काढत होता. हे सरळ चालले होते. मी आवाज न बदलता म्हटलं, "आणि बरं का, तेवढ्यात डावीकडून हत्ती आला." ह्यांचा पाय ब्रेकवर गेला. ट्रक पुढून निघून गेला. हे म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "मग काय, हत्तीच तो. गेला आपल्या वाटेने."

तेव्हापासून सर्कशीतून पळालेल्या जनावरांची ती गोष्ट दोन वर्षं चालली आहे. हत्ती म्हणजे ट्रक, बस. मांजर म्हणजे स्कूटर. बदक म्हणजे सायकल किंवा पायी चालणारं माणूस. आम्ही यावर एकदाही बोललो नाही. चिमणी मागे बसून म्हणायची, आजी, तुझी जनावरं डावीकडूनच का येतात गं? मी म्हणायचे, सर्कशीला दार तिकडेच होतं, बाळा.

करडी गाडी सगळ्यांच्या मनात भरत चालली होती, म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं शोरूमला गेलो. चिमणीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. तिथली मुलगी फार गोड बोलायची, आणि मुख्य म्हणजे तिला गुडघे कळत होते. मला म्हणाली, "आजी, पायरीवर आधी डावा पाय ठेवा, वरचं हँडल धरा." मी चढले आणि खालची माणसं जरा लहान दिसायला लागली, ते मला आवडलं. मग तिने दाखवलं की हात भरलेले असले तर मागच्या बंपरखाली लाथ झाडायची, डिकी आपोआप उघडते. मी झाडली. नाही उघडली. पुन्हा झाडली. नाही.

"आई, हळू. ती गाडी आहे, बाबा नाहीत," मुलगा म्हणाला.

तिसऱ्यांदा उघडली.

टेस्ट ड्राइव्हला हे चालवणार हे धरलेलंच होतं. पण ती मुलगी ह्यांच्या शेजारी बसली, माझ्या जागेवर. तिचं कामच ते, मी काय म्हणणार. मला मागे मध्ये कोंबलं, एका बाजूला मुलगा, एका बाजूला सून. दोन पाठींच्या फटीतून जेवढा रस्ता दिसेल तेवढा माझा.

आम्ही निघालो. गाडी इतकी गुपचूप चालत होती की इंजिन आहे की नाही हे विचारावंसं वाटावं. ती मुलगी सांगत होती, ही लेन धरून ठेवते, स्टिअरिंग थोडं हाताला ढकलतं, घाबरू नका आजोबा. मी डाव्या खिडकीकडे मान लांब केली आणि सुरू केलं.

"तर ती सर्कस, बरं का. तंबू मोडला आणि पहिलं मांजर निसटलं, डावीकडून."

ह्यांनी वेग कमी केला. डाव्या आरशात नारिंगी दिवा लुकलुकला, स्कूटर पुढे गेली आणि तो विझला.

"मग एक हत्ती. म्हातारा. हळूहळू येत होता, डावीकडून."

पुन्हा तसंच. मी बोलले, हे थबकले, मग दिवा लागला. ती मुलगी हसून मागे वळली. "आजी, तुमचा सेन्सर आमच्या गाडीपेक्षा फास्ट आहे हं. दिवा लागायच्या आधी तुमचं जनावर येतं."

ती सहज बोलून गेली. सूनही हसली. माझा मुलगा हसला नाही. लिफ्टमध्ये कुठेतरी बारीक खरखर ऐकू आली की तो जसा मान तिरकी करतो, तशी त्याने केली.

"आई," तो म्हणाला, "एक मिनिट गप्प बस."

"अरे, बदक राहिलंय अजून."

"मला गाडीचा आवाज ऐकायचाय. एकच मिनिट."

काय करायचं मी? बोलत राहिले असते तर का बोलतेय ते सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. डोळे मात्र फटीतून रस्त्यावर ठेवले. ह्यांचे खांदे वर चढले, ते मला मागून दिसले. पुढे डावीकडे वळायचं होतं. ह्यांनी इंडिकेटर दिला. एक बाई सायकलवरून आमच्या डाव्या अंगाने येत होती, पुढच्या टोपलीत पाव आणि मोसंबी. आरशात दिवा लागला. लागूनच राहिला. मग टुणटुण वाजायला लागलं. ते ऐकून हे आरशात बघायला वळलेही, पण उजवीकडच्या. आणि हात वळणावरच राहिले.

मी "बद" म्हटलं आणि "क" तोंडातच राहिलं. गाडीने स्वतःच ब्रेक मारला. आम्ही तिघं एकदम पुढे आपटल्यासारखे झालो, पट्टे छातीत रुतले. त्या बाईने आमच्याकडे एकदा नीट बघितलं, टोपलीतली मोसंबी सारखी केली आणि गेली.

"फार घाबरट गाडी आहे," हे म्हणाले. हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

शोरूमपर्यंत उरलेला रस्ता सरळ होता. आवारात गाडी उभी राहिल्यावर ती मुलगी म्हणाली, मी पाणी आणते हं, आणि दार अगदी हळू लावून गेली. शहाणी पोर.

"बाबा," मुलगा म्हणाला, "आरशातला दिवा दिसला नाही तुम्हाला?"

ह्यांनी वर बघितलं, मधल्या आरशात, माझ्याकडे. ही नजर मी विंगेतून हजार वेळा पाहिली आहे. पुढचं वाक्य काय गं, अशी नजर. आणि वाक्य माझ्याकडे तयार होतं. ऊन आलं डोळ्यांवर. किंवा, गाडी नवी, दिवा कुठे असतो तेच ठाऊक नाही. चांगली वाक्यं होती, दोन्ही. अर्धा श्वास आधीच ओठांवर आली होती.

मी दिली नाहीत. सत्तावीस वर्षांत शब्द हाताशी असून दिला नाही असं हे पहिल्यांदाच.

ह्यांनी आरशातून नजर काढली. मग स्वतःच म्हणाले, "नाही दिसला. डावीकडचं दोन वर्षं दिसत नाही मला. ही सांगते."

"म्हणजे ते हत्ती," मुलगा म्हणाला.

"हो."

सून माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रुग्णाला बोलते तशी हलक्या आवाजात म्हणाली, "आई, माझी मुलगी असायची त्या गाडीत."

"मी शेजारी असायचे गं. प्रत्येक वेळी."

"मागच्या वर्षी तुम्हाला ताप होता. तेव्हा बाबा एकटे गेले होते तिला आणायला."

त्या संध्याकाळी मी पांघरुणातून फाटकाच्या आवाजाकडे कान लावून पडले होते. चाळीस मिनिटं. गाडीचं दार वाजलं, चिमणीच्या चपला वाजल्या, तेव्हा श्वास सोडला. हे मी सुनेला सांगितलं नाही. सांगून त्यात तिचं काय भलं होणार होतं? ह्यांचा अभिमान मी सांभाळत होते आणि त्याचं वजन त्या पोरीवर टाकत होते. आजवर मारलेल्या थापांपैकी एवढी एकच मला नीट साधली नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"माझं," हे म्हणाले. "डॉक्टरचा कागद मी ठेवला होता शिवणाच्या डब्यात."

हल्लीच्या गाडीत किल्ली फिरवायची नसते. ती नुसती कपाच्या खाचेत पडलेली असते. ह्यांनी ती उचलली आणि खांद्यावरून मागे मुलाकडे दिली. मग खाली उतरले, बोनेटवर हात ठेवत गाडीला वळसा घातला आणि पुढच्या डाव्या दाराने आत येऊन बसले. पट्टा कुठे असतो ते शोधायला त्यांना वेळ लागला, कारण तो आता दुसऱ्या खांद्यावरून यायचा होता.

आम्ही ती करडी गाडीच घेतली. तिला बटणं आहेत आणि ती घाबरट आहे, म्हणून. त्या सकाळनंतर घाबरटपणाला आमच्या घरात कुणी नावं ठेवत नाही. सून महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. एक दिवस तिने शिवणाचा डबा मागितला, आणि परत देताना म्हणाली, "आता यात फक्त बटणं आहेत ना?" मी म्हटलं, "आणि एक सुई." तिथून आमचं पुन्हा सुरू झालं.

तलाव आता मंगळवारी होत नाही. मुलाला रविवारी सुट्टी असते. गेल्या रविवारी तो चालवत होता, हे पुढे, मी आणि चिमणी मागे. रस्ता मोकळा. मी गोष्ट सांगत होते, जुन्या गाडीचीच, नऊ किलोमीटरवाली, आणि मलाच ती अळणी लागत होती.

"आज हत्ती नाही?" हे म्हणाले.

"रस्ता रिकामा आहे की."

"असू दे. आण."

मी विचार केला. मग म्हटलं, "आणि बरं का, तेवढ्यात उजवीकडून हत्ती आला."

"उजवीकडून?" चिमणी म्हणाली. "दार तर तिकडे नव्हतं."

"नवीन पाडलं."

"किती किलोचा?" माझ्या मुलाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

हे उजवीकडे वळले. तिकडे नुसतं कोरडं गवत होतं, आणि त्यापलीकडे पाणी. बराच वेळ बघत राहिले.

"दिसला," म्हणाले. "केवढा मोठा आहे."