सिंहाशेजारची शेळी

थोरलीने सिंहाचा जबडा पुन्हा खोडला. काही केल्या तो शांत दिसेना.

मूळ मोगल चित्राची मोठी प्रत समोर टेकवून ठेवली होती. बादशहाची स्वारी निघालेली. झुली पांघरलेले हत्ती, डोळ्यांवर पट्टी बांधलेला शिकारी चित्ता, आणि सगळ्यांच्या पुढे, सिंहाच्या अंगाला अंग घासत चालणारी एक शेळी. अशा बादशाही स्वाऱ्यांवरच्या पुस्तकासाठी दोघी जावा वर्षभर खपत होत्या. रेघ थोरलीची, रंग धाकटीचा.

"जाऊबाई, ही शेळी भलतीच धीट हो," शिंपल्यातला हिरवा रंग ढवळत धाकटी म्हणाली. "की शेजारी कोण चाललंय ते तिला कुणी सांगितलंच नाही?"

"राज्य न्यायाचं असलं की बळकट दुबळ्याचं ओरबाडत नाही. तो अर्थ आहे त्याचा."

"अस्सं! म्हणजे सिंह उपाशी."

थोरलीला हसू आलं नाही. सकाळीच प्रकाशकांकडून पहिल्या पानाचा नमुना आला होता. ‘चित्रे’ या शब्दाखाली तिचं एकटीचं नाव. तिनेच तसं कळवलं होतं. घरातलीच तर आहे, तिला कशाला हवंय नाव, अशी मनाची समजूत घालून. तेव्हापासून प्रार्थनेला हात जोडले की नजर वर जायची नाही.

मूळ चित्राच्या तळाशी दरबारच्या कारकुनाने बारीक अक्षरांत दोन नावं नोंदवली होती. एक रेखाटणाऱ्याचं, एक रंगवणाऱ्याचं. नक्कल करताना थोरलीने तेवढी जागा कोरी सोडली होती.

फोन वाजला. प्रकाशकच.

"नमुना बघितलात ना, बाई? आज छापायला सोडतो."

धाकटी श्वास रोखून शेळीच्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवत होती.

"थांबा," थोरली म्हणाली. "रंग माझ्या जावेचे आहेत. तिचं नाव राहिलंय."

"राहिलं कसं?"

"राहिलं नाही. मी दिलं नाही."

धाकटीचा कुंचला कागदापासून वर उचलला गेला.

"बरं, सांगा. पूर्ण नाव सांगा."

लग्न होऊन आल्यापासून सगळं घर जावेला धाकटीच म्हणत आलं होतं. फोनवर हात ठेवून थोरलीने हळूच विचारलं,

"अगं... तू नाव कसं लिहितेस? माहेरचं की सासरचं?"

धाकटीने कुंचला पाण्यात बराच वेळ खळबळला.

"लिहायची वेळ कधी आलीच नाही," ती म्हणाली. "थांबायला सांगा त्यांना. ठरवू दे मला."