धुरातलं लोखंड

बस रे भैया, आमच्या मुक्ताची गोष्ट ऐक. ब्याण्णव साली तिला समुद्र शिकायला गोव्याला जायचं होतं. तिचा बाप, आमचा यज्ञेशदादा, हसला. "म्हणे कारखान्याच्या धुरातलं लोखंड समुद्रात पडून विरघळतं अन् ते खाऊन शेवाळ वाढतं! दाखव, मग जा."

पोरीनं इथं काशीत, रामघाटच्या आमच्या छतावर बसलेली कारखान्याच्या धुराची काजळी एका वाटीत भिजवली, दुसरीत गंगेची रेती. दोन्हींचं पाणी नितळ गाळून घेतलं. मग दादा पोथी लिहायच्या शाईसाठी करायचा, तोच हिरड्याचा काढा दोन्हींत ओतला. लोखंड विरघळलेलं असलं की तो काळा होतो, हे दादाला पक्कं ठाऊक. रेतीचं पाणी पिवळंच राहिलं. काजळीचं झालं काळंकुट्ट!

"जा बाई, जिंकलीस!" दादा ओरडला.

आता ती गोव्याहून निघणाऱ्या, समुद्र तपासणाऱ्या जहाजावर असते. तू गोव्याला चाललायस ना? एवढा आवळ्याचा मुरंबा तिला पोचव.