आजारी पानाचा फोटो

"निरोगी," मशीननं सांगितलं आणि दत्तात्रय सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

टेबलावर केळीचं पान पडलं होतं. अंगभर पिवळे पट्टे, कडा मुरडलेल्या. शेंबड्या पोरालाही कळावं की हे पान कामातून गेलंय. पण सरांच्या मोबाइलमधलं ते शहाणं मशीन तिसऱ्यांदा तेच बोललं होतं.

"अरे, काय चाललंय काय हे? एवढे दिवस आपण याला शिकवतोय कशासाठी?"

ज्योत्स्ना मान खाली घालून बसली होती. विद्यापीठ लांब, पण त्यांच्या संगणक विभागानं केळीसाठी म्हणून बऱ्हाणपुरातच दोन खोल्यांची प्रयोगशाळा थाटली होती. बागाबागांतून पानांचे फोटो आणायचे आणि प्रत्येक पानाभोवती चौकोन काढून खाली लिहायचं, आजारी की निरोगी. ते बघून बघून मशीन शिकतं म्हणे. चौकोन काढायचं काम ज्योत्स्नाचं. त्यासाठी ती रोज जसोंडीहून स्कूटीवर यायची.

"सर, त्यानं आजारी पान बघितलंच कुठं आहे?" ती हळूच म्हणाली. "आपली गाडी येणार कळलं की लोक आदल्या दिवशीच कोयता घेऊन बागेत फिरतात. खराब पान दिसलं की छाटून टाकतात. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर नाही का आवरत, तसं."

इंदूरहून आलेले सर तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तर तुम्ही आणा कुठून तरी. पुढच्या महिन्यात शेतकऱ्यांसमोर दाखवायचंय. तिथं फजिती झाली तर ही प्रयोगशाळा बंद झाली म्हणून समजा."

कुठून तरी म्हणजे कुठून, ते ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. घरूनच.

तिचे सासरे मोतीलाल. सगळं घर त्यांना अण्णा म्हणे. लग्नानंतर सुनेनं नोकरी करावी का यावर भावकीत केवढी कुजबुज झाली होती! तेव्हा अण्णाच आपल्या मुलाला, जीवनला, म्हणाले होते, "जाऊ दे रे तिले. शिकेल पोरगी आहे, चूल फुंकाले आणली काय?" आणि पुढं तर पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं त्यांचं एकच पालुपद. "माही सून कंप्युटरले शिकवते. मास्तरीण आहे ती कंप्युटरची!" लोक हसायचे. अण्णाही हसायचे, पण मिशीला पीळ देऊन.

अशा माणसाच्या बागेत नाल्याकडच्या अंगाला वायरस शिरला होता. त्यावर औषध नाही. झाड उपटून खोल पुरायचं, नाहीतर मावा नावाची कीड तो रोग शेजारच्या बागेत नेते. पण झाड उपटलं की खड्डा दिसतो, खड्डा दिसला की गाव विचारतं, आणि गावानं विचारलं की घड घेणारा व्यापारी नाक मुरडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! म्हणून अण्णा उजाडायच्या आत जाऊन तेवढी पानं छाटून यायचे. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी एक अक्षर बोलत नव्हतं.

अण्णा चांदनी गावाला एका लग्नाला गेले आणि पानं छाटायची राहिली, त्या दिवशी ज्योत्स्ना बागेत शिरली. चोरासारखी मागं वळून वळून बघत तिनं फोटो काढले. पानाला काय नाव असतं का, कोणाचं ते? आपण कोणाला सांगितलं नाही म्हणजे झालं. असं स्वतःला बजावत होती खरी, पण घरी परतल्यावर अण्णांनी लग्नातली बुंदी हातावर ठेवली, तेव्हा तिला ती गिळवेना. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही म्हणाले असते तर? म्हणून विचारलंच नाही. आणि त्याच फोटोंवर मशीन शिकलं हो, चांगलं पोपटासारखं बोलायला लागलं.

कार्यक्रमाला हॉल भरला. अण्णा परीटघडीचं धोतर नेसून, टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी सुकलाल, त्यांचा बांधशेजारी. "थे पाय, थे निळ्या साडीतली माही सून," हे अण्णांचं सांगणं तिला स्टेजवर ऐकू येत होतं.

ज्योत्स्नानं सरांना देताना फोटो कापून नुसती पानं ठेवली होती. पण सरांना भिंतीएवढ्या पडद्यासाठी मोठा, स्वच्छ फोटो हवा होता. त्यांनी तिला न विचारता तिच्या कंप्युटरमधला मूळ फोटो उचलला. तोच आता पडद्यावर आला. पुढं रोगानं पिवळं पडलेलं पान आणि मागं पंपाच्या खोलीची भिंत.

"साहेब," सुकलाल उठला, "हे कोणाच्या बागेतलं पान आहे?"

सर वळले. "ज्योत्स्ना, कुठला हा फोटो?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. अण्णाही.

"आठवत नाही, सर," ती म्हणाली.

"आठवत नही?" सुकलालचा आवाज चढला. "गोदावहिनीचं नाव लिहेल आहे त्या भिंतीवर! निळ्या अक्षरात! तुह्या मेलेल्या सासूचं नाव तुले आठवत नही?"

गोदाबाई. अण्णांनी बायको गेल्यावर स्वतःच्या हातानं रंगवलेलं नाव. धरणीनं पोटात घ्यावं असं ज्योत्स्नाला झालं.

"मोतीलालभाऊ, बांधाले बांध लागून बाग आहे माही! वायरस आला आन् तुम्ही मले एक शब्द सांगतला नही? ऐसा करते हैं क्या शेजारी?"

अण्णा उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. त्यांना उघड्या डोक्यानं चारचौघांत उभं राहिलेलं ज्योत्स्नानं कधी बघितलं नव्हतं.

"बाग माहीच आहे," ते म्हणाले. "अन् सूनले मीच सांगतलं, काढ फोटो, दाखव लोकाइले. तिनं माही लाज राखाले आठवत नही म्हणलं. तिले बोलू नका. सुकलालभाऊ, तुमचा गुन्हेगार मी आहे. उद्या झाडं उपटतो, तुमच्यासमोर."

मग दत्तात्रय सर पुढं आले. "बघा! असे शेतकरी हवेत आपल्याला!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून सगळ्यांनी वाजवल्या. ज्योत्स्नाला एकेक टाळी कानाखाली बसत होती. खरं काय ते हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली ती एकटीच गप्प राहिली होती. दुसऱ्यानं तर जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी खोटं बोलून मान खाली घातली होती.

स्कूटीवर मागं बसून अण्णा घरी आले. ताट वाढल्यावर ती दाराशी उभी राहिली.

"अण्णा, चुकलं माझं. मी—"

"जेवून घे आधी," ते म्हणाले. रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी सरांचा फोन आला. सासऱ्यांची परवानगी आहेच तर झाडं उपटण्याआधी सगळे फोटो घ्या, म्हणाले. ती नाही-नाही म्हणत होती, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "काय म्हणतात साहेब?" तिनं सांगितलं. त्यांनी कुदळ खांद्यावर घेतली. "मंग चाल. उशीर कायले?"

बांधावर सुकलाल हाताची घडी घालून उभा होता. रस्त्यावर आणखी दोघंतिघं थांबले होते. अण्णांनी कोणाकडे बघितलं नाही. पहिल्या झाडाजवळ जाऊन त्यांनी गमछ्यानं पानावरची धूळ पुसली, अगदी हळुवार, आणि पान तिच्यासमोर धरलं.

तिनं मोबाइल वर केला. डोळे भरून आले होते, धड काही दिसत नव्हतं.

"अण्णा, जरा बाजूला व्हा ना," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं तोंड येतंय फोटोत."

"येऊ दे," अण्णा म्हणाले आणि पान छातीशी धरून सरळ मोबाइलकडे बघत उभे राहिले.