खाटेशेजारची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. शाळा सुटताना वाजते ती लाडकी घंटा मी नव्हे. मी रुग्णालयातल्या खिडकीजवळच्या खाटेची घंटा. माझे लाल बटण उशीशी लोंबकळते. ते दाबले की मी सिस्टरच्या टेबलापाशी घणघणते. वायरमनने मला पहिल्यांदा वाजवून पाहिले तेव्हा अख्खा वॉर्ड दचकला होता. काय माझा रुबाब!

पुढे एक सिस्टर आली आणि माझा रुबाब उतरला. तिच्या पावलांचा आवाज होत नसे, म्हणून रोगी तिला 'मनी' म्हणत. कोणाचे ओठ सुकले की ही पाणी घेऊन हजर. कोणी कूस बदलायला धडपडला की हिचा हात पाठीखाली. मला दाबायची वेळच येईना! घरी जाताना रोगी तिचा हात हातात घेत. माझ्याकडे कोणी बघतही नसे. माझा नुसता जळफळाट होई.

माझ्या खाटेवर मांडीचे हाड मोडलेले शिंपीकाका होते. त्यांची बायको म्हणे, "पाणी द्यायला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेता. इथे बरे गप्प!"

"इथे मागावं लागत नाही."

"मग राहा इथेच!"

एकदा मेट्रनबाई म्हणाल्या, "या वॉर्डात घंटाच वाजत नाही. काम कमी दिसतंय. मनीला वरच्या मजल्यावर पाठवा."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग मी सारखी वाजू लागले. नवी सिस्टर लांबूनच ओरडे, "आले हो! मला काय चार हात आहेत?" ती वाईट नव्हती, पण बोलावल्यावरच येई. काका दाबून दाबून कंटाळले. एका दुपारी त्यांनी बटण सोडले आणि ते एकटेच उठू लागले. तोल गेला. मला किंचाळावेसे वाटले. पण कोणी दाबल्याशिवाय मला वाजता येत नाही. मनीला मात्र न बोलावता येता येत असे.

दारातून आलेल्या बायकोने त्यांना कसेबसे सावरले आणि तडक मेट्रनबाईंना गाठले.

"अहो बाई, घंटा वाजते ती कोणी आलं नाही म्हणून! पाठवा आमच्या मनीला परत."

मनी परत आली. तिने माझे बटण पुसून काकांच्या हाताशी ठेवले.

"हे जवळ असू दे हं, काका."

"कशाला? तू आहेस ना!"

मी पुन्हा जळले. अजून जळते. तरी मित्रांनो, आजारी माणसापाशी बसाल तेव्हा त्याच्या ओठांकडे बघत जा. त्याला हाक मारायला लावू नका. माझे काय, मी जळेन, पण गप्प राहीन.